हाय-फाय मासिकं: कोणतं कशासाठी वाचावं?

बैठकप्रेमी:
नमस्कार मंडळी. हॉलमधली जुनी सिस्टीम बदलायची आहे. स्पीकरची एक जोडी आणि एक इंटिग्रेटेड अँप्लिफायर (सगळं एकाच पेटीत असलेला). नाशकात बसून चार जोड्या शेजारी शेजारी लावून ऐकणं जमत नाही. मुंबईला गेलं तरी एका विक्रेत्याकडे दोन ब्रँड, दुसऱ्याकडे वेगळेच तीन, आणि प्रत्येकाची खोली निराळी. त्यामुळे आधी वाचून यादी लहान करायची आणि मग प्रवास करायचा, असं ठरवलंय.

वाचायला लागल्यावर जे मत झालं ते मांडतो. सगळ्यात उपयोगी 'स्टिरिओफाइल', कारण एकाच परीक्षणात ऐकणाऱ्याचं म्हणणं आणि प्रयोगशाळेतले आलेख दोन्ही असतात. त्याखालोखाल ब्रिटनचं 'हाय-फाय न्यूज'. 'द अॅब्सोल्यूट साउंड' वाचायला सुरेख, पण खरेदीला हाती फार लागत नाही. 'व्हॉट हाय-फाय?'चे तारे पटकन समजतात, पण पाचपैकी पाच इतक्या वस्तूंना मिळतात की निवड पुन्हा आपल्याच गळ्यात.

तुम्ही कोणतं वाचता आणि कशासाठी? वाचून विकत घेतलं आणि पटलं, असं कुणाचं आहे का?

ओहम:
स्टिरिओफाइलबद्दल सहमत, पण कारण थोडं पुढे नेतो. तिथे लेखक आपलं लिखाण देईपर्यंत त्याला मोजमापं दाखवत नाहीत. जॉन अॅटकिन्सन हे हाय-फाय न्यूज सोडून १९८६ साली तिकडे संपादक म्हणून गेले आणि १९८९ पासून मोजमापं नियमित सुरू झाली. त्यामुळे कधी कधी लेखक म्हणतो 'मधले सूर फार गोड' आणि चार पानांपुढे आलेख दाखवतो की तिथे दोन डेसिबलचा उंचवटा आहे. दोघंही खरंच बोलत असतात. वाचणाऱ्याला कळतं की ही गोडी कुठून आली आणि आपल्याला ती हवी आहे का.

व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अँप्लिफायर घेणाऱ्यांनी तर ती पानं चुकवूच नयेत. एका ट्रायोडवर (एक प्रकारची नळी) चालणाऱ्या अँपचा आउटपुट इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) दोन-तीन ओहम निघाला, तर स्पीकरचा इम्पिडन्स जसा वर-खाली होईल तसा आवाजाचा तोलही बदलतो. अॅटकिन्सन मुद्दाम एक नकली स्पीकर-लोड लावून हा बदल आलेखात दाखवतात. एका खोलीत एका स्पीकरवर ऐकून लिहिलेलं परीक्षण तुमच्या स्पीकरला का लागू पडणार नाही, ते त्या एका रेघेत कळतं.

लॅमिंग्टन:
बैठकप्रेमी, तुमच्या यादीत आमच्या पिढीचं मासिकच नाही! 'वायरलेस वर्ल्ड'. ते हाय-फायपुरतं नव्हतं, पण हाय-फायचा पाया तिथे घातला गेला. विल्यमसन यांचा अँप्लिफायर १९४७ च्या एप्रिल-मे अंकांत. बॅक्सँडॉल यांचा टोन कंट्रोल १९५२ मध्ये, आणि तेच सर्किट पुढे जगभरच्या रेडिओ-अँपमध्ये गेलं. लिन्सली हूड यांचा दहा वॅटचा क्लास ए (सतत पूर्ण वीज खाणारा, म्हणून तापणारा) अँप १९६९ मध्ये.

आमच्या तरुणपणी बाहेरचा अँप विकत घेणं आवाक्यातलं नव्हतं. आयात जवळपास बंद, कस्टम भरून आणणारे मोजके. मग अंक मिळवायचा, सर्किट वहीत उतरवायचं आणि सुटे भाग घ्यायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जायचं. लिन्सली हूड यांनी सांगितलेले ट्रान्झिस्टर मिळाले नाहीत तर २एन३०५५ या सहज मिळणाऱ्या ट्रान्झिस्टरवर भागवायचं. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचा, हीटसिंक भंगारातून. तो अँप इतका तापायचा की हिवाळ्यात पोरं त्याच्या शेजारी अभ्यासाला बसायची.

त्या मासिकाचं बळ हे की वाचक वस्तू स्वतः बनवून पाहायचा. चुकीचं छापलं तर पुढच्या अंकात वाचकांची पत्रं यायची, सर्किटाच्या दुरुस्त्यांसह. आजच्या कुठल्या मासिकाला वाचकाची एवढी भीती आहे?

मध्यम_तीव्र:
लॅमिंग्टनकाका, अँपची शेकोटी! लिहीत राहा.

स्वरदा_क:
मी अॅब्सोल्यूट साउंडची बाजू घेते. हॅरी पिअरसन यांनी ते १९७३ मध्ये काढलं तेव्हा त्यांची कसोटी एकच होती: खऱ्या जागेत, विना मायक्रोफोन वाजणारं संगीत. तो आवाज म्हणजे मोजपट्टी, बाकी सगळं त्याच्या जवळ किती जातं ते पाहायचं. मी गाणं शिकते, मला ही कसोटी आलेखापेक्षा जवळची वाटते. वाद्यं मंचावर कुठे बसली आहेत, त्यांच्या मागे किती हवा आहे, सूर सुटल्यावर खोलीत किती रेंगाळतो, हे लक्ष देऊन ऐकायची सवय मला त्या लेखांनी लावली. याआधी मी फक्त 'आवाज स्वच्छ आहे' म्हणायचे.

त्यांचा दुबळेपणाही तिथेच आहे. ती 'खरी जागा' म्हणजे जवळजवळ नेहमी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं सभागृह. आरसीए आणि मर्क्युरी या कंपन्यांच्या जुन्या रेकॉर्डी त्यांच्या कसोटीला लागतात. आमची खरी जागा म्हणजे पन्नास माणसांची बैठक, गाणारा आठ फुटांवर. तानपुऱ्याची जवारी जिथे नीट उलगडते तो स्पीकर मला हवा. जवारीचा सगळा जीव वरच्या हार्मोनिक्समध्ये असतो. ट्वीटर (स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा भाग) जरा चढा असला की ती पत्र्यासारखी वाजते, जरा दबला की तानपुरा नुसता गुणगुणतो. हे एकाही परीक्षणात वाचायला मिळत नाही.

गिरगावकर:
स्वरदाताई, एक अपवाद सांगतो. कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराची वॉटर लिली अॅकूस्टिक्स ही रेकॉर्ड कंपनी. कविचंद्रन अलेक्झांडर यांनी पंडित विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांना एका चर्चमध्ये बसवून रेकॉर्ड केलेली ती ग्रॅमी मिळालेली तबकडी हाय-फायवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं सिस्टीम तपासायला वाजते. मोहनवीणेची तार तिथे ऐका. परीक्षक 'ती तबकडी लावून पाहिली' म्हणतो तेव्हा आपल्याला काहीतरी ओळखीचं धरायला मिळतं.

स्वरदा_क:
हो, ती आहे माझ्याकडे. पण एका तबकडीवर किती दिवस काढायचे? तबल्याच्या बायाँची मींड, पखवाजाची थाप, हार्मोनियमची हवा, हे ऐकून लिहिणारा परीक्षक हवा.

सिग्मा:
माझं मत कडक आहे. डोळे उघडे ठेवून ऐकलेल्या परीक्षणावर मी पैसे लावणार नाही. हार्मन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी १९९४ मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. तेच स्पीकर, तीच माणसं. स्पीकर दिसत असताना दिलेले गुण आणि पडद्यामागे असताना दिलेले गुण वेगळे. लहान, स्वस्त दिसणारी जोडी डोळ्यांनी पाहिली की घसरायची. ऐकणारे हार्मनचेच कर्मचारी होते, म्हणजे अगदीच नवखे नव्हेत.

दुसरं उदाहरण २०२२ चं. मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड कंपनीच्या महागड्या रेकॉर्डी मूळ अॅनालॉग टेपवरून थेट कापल्या आहेत असा खरेदीदारांचा समज होता. फिनिक्समधल्या एका रेकॉर्ड-दुकानदारानं व्हिडिओ केला आणि कळलं की मधे डीएसडी या डिजिटल स्वरूपाची पायरी आहे, आणि ती बऱ्याच वर्षांपासून आहे. तोवर कितीतरी परीक्षकांनी त्याच रेकॉर्डींच्या अॅनालॉग ऊबेचं कौतुक छापलं होतं. कानांनी कुणीही पकडलं नाही.

आता ऑडिओ सायन्स रिव्ह्यूसारख्या संकेतस्थळांवर क्लिपेल कंपनीच्या मोजणी-यंत्रावर स्पीकरची चहूबाजूंनी मोजणी होते, फुकट वाचायला मिळते. मग मासिकाला पैसे का द्यायचे?

टोरोंटोकर:
सिग्मा, टूल यांचं काम हार्मनच्या आधी इथे ओटावाला, कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत झालं. तिथली प्रतिध्वनीरहित खोली अजूनही वापरात आहे, आणि 'साउंडस्टेज!'वाले आपल्या परीक्षणातले स्पीकर तिथेच मोजून घेतात. लेखकाचं ऐकणं आणि तिऱ्हाईत प्रयोगशाळेची मोजमापं एकत्र हवी असतील तर तेही यादीत घ्या. इंटरनेटवर आहे, नाशिकला टपालाची वाट पाहायला नको.

ओहम:
@सिग्मा, पहिल्या दोन उदाहरणांवर वाद नाही. पण निष्कर्ष फार लवकर काढलात. १९८५ चं कार्व्हर प्रकरण घ्या. अँप बनवणाऱ्या बॉब कार्व्हर यांनी स्टिरिओफाइलला आव्हान दिलं: तुमच्या आवडीचा कुठलाही महाग अँप सांगा, मी माझ्या स्वस्त अँपचा आवाज ४८ तासांत तसाच करून दाखवतो. मासिकाच्या गावी, सँटा फेला आले, मोटेलच्या खोलीत बसून दोन अँपमधला फरक रद्द होत जाईपर्यंत सर्किट जुळवलं, आणि मासिकाचे संस्थापक गॉर्डन होल्ट व मालक लॅरी आर्चिबाल्ड यांना शेवटी फरक सांगता आला नाही. मासिकानं ते आपल्याच पानांवर छापलं. पुढे विक्रीला आलेला कार्व्हरचा अँप मोजला तेव्हा जुळणी तितकी तंतोतंत नव्हती, तेही छापलं.

आपल्याच संपादकांना हरवणारा प्रयोग छापणारं मासिक हे माझ्या लेखी बळ आहे. यंत्रावरच्या आकड्यांबद्दल म्हणाल तर स्पीकरसाठी ते मौल्यवान, पण डॅकमध्ये (डिजिटल फाइलचा आवाज करणारं उपकरण) ११५ आणि १२० डेसिबलच्या सायनॅडवरून (गोंगाट आणि विकृतीपेक्षा मूळ आवाज किती वर आहे ते सांगणारा आकडा) जो क्रम लावतात त्यातला फरक घरात कुणाच्याच कानाला पोचत नाही. त्या यादीत वरच्या क्रमांकासाठी जास्त पैसे टाकणारेही आकड्यालाच भुललेले असतात.

सिग्मा:
डॅकचं मान्य. स्पीकरच्या बाबतीत मी माझ्या जागी ठाम.

आडवातिडवा:
आमच्या घरी पडद्यामागची चाचणी रोज होते. मी स्वयंपाकघरात, स्पीकर हॉलमध्ये. शिट्टी झाली की निकाल रद्द.

रद्दीप्रेमी:
जाहिरातींबद्दल कुणी बोललं नाही अजून. गॉर्डन होल्ट 'हाय फिडेलिटी' मासिकात होते. जाहिरातदारांपुढे तिथली परीक्षणं मिळमिळीत होतात या वैतागातून त्यांनी १९६२ मध्ये स्टिरिओफाइल काढलं. उत्पादकांच्या जाहिराती नाहीत, पैसे वाचकांचे. परिणाम? अंक वेळेवर निघत नसत. वाचक वाट पाहून थकायचे. आर्चिबाल्ड यांनी १९८२ मध्ये ते घेतल्यावर कुठे घडी बसली, आणि आज त्यात जाहिराती भरपूर आहेत.

म्हणून जाहिरात आहे म्हणजे परीक्षण विकलेलं, असं मी सरसकट म्हणणार नाही. होतं काय, की वाईट वस्तूचं परीक्षण बहुधा छापूनच येत नाही. ती वस्तू गपचूप परत जाते आणि वाचकाला ती कधी आली होती हेही कळत नाही. आपण जे वाचतो ते आधीच चाळून आलेलं असतं, म्हणून सगळंच उत्तम वाटतं. शिवाय परीक्षकांना वस्तू महिनोन्महिने घरी ठेवायला मिळतात, सवलतीत विकत घेता येतात. लाच म्हणा असं नाही, पण एवढा जिव्हाळा जुळला की कठोर वाक्य लिहिणं जड जातं.

स्टिरिओफाइलची एक रीत मात्र मला फार आवडते. परीक्षणाच्याच अंकात उत्पादकाचं उत्तर छापतात. चिडलेल्या उत्पादकाची दोन परिच्छेदांची धुसफूस वाचली की कळतं, परीक्षकानं नेमकं कुठे बोट ठेवलं होतं.

लॅमिंग्टन:
रद्दीप्रेमी म्हणतात ते बरोबर. पण 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाच्या ज्युलियन हिर्श यांचं काय? ते तर मोजमापंवाले, आणि त्यांना नावडलेलं उपकरण शोधून सापडायचं नाही. मोजलं म्हणून परखड झालं असं नाही. आकडे छापून निर्णय गिळता येतो.

गिरगावकर:
म्हणूनच मला ब्रिटिश पद्धत आवडते. 'हाय-फाय चॉइस' सहा अँप एकत्र घेतं, ऐकणाऱ्यांना नाव न सांगता ऐकवतं आणि क्रम लावतं. सहांमध्ये कुणीतरी सहावा येणारच, मग तो का सहावा आला हे लिहावंच लागतं. एकट्या वस्तूच्या परीक्षणात ही सक्ती नसते. सिग्मांनाही हे चालावं, नाव लपवलेलं आहे.

तोटा असा की सहा वस्तूंना थोडी थोडी पानं. कुठला अँप कुठल्या स्पीकरबरोबर बिघडतो हे सांगायला जागा उरत नाही. आणि ब्रिटनच्या किमतीत 'स्वस्त आणि मस्त' ठरलेली वस्तू आयात शुल्क, मध्यस्थ आणि विक्रेता धरून आपल्याकडे येते तेव्हा तिची शर्यतच बदललेली असते. तिथे ज्याला हरवलं तो इथे तिच्यापेक्षा स्वस्त मिळतो. व्हॉट हाय-फायची भारतीय आवृत्ती निघायची तेव्हा निदान रुपयातली किंमत समोर असायची.

मध्यम_तीव्र:
कोलकात्याच्या सोनोडाइन आणि पुण्याच्या केडन्स या स्पीकर बनवणाऱ्या कंपन्यांची परीक्षणं परदेशी मासिकांत फार कमी दिसतात, आणि आपल्याकडे लिहिणारे थोडे. देशी वस्तूंसाठी मासिक हे साधनच अपुरं आहे. केडन्सचे इलेक्ट्रोस्टॅटिक (पातळ पडद्यानं वाजणारे) स्पीकर ज्यांनी घरी ऐकलेत त्यांनी इथे लिहा ना.

नवाशिका:
मला एक साधा प्रश्न आहे. परीक्षकांच्या खोल्या आणि आपल्या खोल्या यांचं काय? माझी खोली दहा बाय बारा, फरशी व्हिट्रिफाइड, भिंती काँक्रीटच्या. फोटोत तर त्यांच्याकडे लाकडी जमीन, जाड गालिचे आणि पुस्तकांच्या भिंती दिसतात.

ओहम:
नवाशिका, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलात. बारा फूट म्हणजे साधारण ३.६ मीटर. त्या लांबीत पहिला ठळक अनुनाद (ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो) ४७-४८ हर्ट्झच्या आसपास येतो, दहा फुटांचा ५६ च्या आसपास. काँक्रीटची भिंत तो बास बाहेर जाऊ देत नाही, अमेरिकेतल्या लाकडी चौकट आणि जिप्समच्या भिंतीतून बराचसा निसटतो. म्हणून तिकडे 'बास मोजका' ठरलेला लहान स्पीकर आपल्याकडे भरदार वाजतो, आणि तिकडे वाखाणलेला मोठा टॉवर आपल्याकडे घुमतो. परीक्षणातला बासबद्दलचा परिच्छेद एक पायरी खाली उतरवून वाचायचा, हा माझा नियम. ट्वीटरच्या बाबतीत उलट: उघड्या फरशीवर तो जास्त चमकतो. आधी गालिचा आणि जाड पडदे, मग स्पीकर.

आडवातिडवा:
आमचं लोखंडी कपाट ४८ हर्ट्झलाच थरथरतं. आता कारण कळलं!

टोरोंटोकर:
ओहम यांच्या भिंतींच्या मुद्द्याला पुष्टी. आमच्या लाकडी घरातून पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेलेली तीच जोडी ओळखू येईना. भिंतीपासून पुढे ओढली, गालिचा टाकला, तेव्हा सुधारली.

सिग्मा:
मूळ विषयावर परत येतो. मासिकांच्या दुबळेपणाचं सर्वात मोठं उदाहरण एमक्यूए, संगीताच्या डिजिटल फायलींचं एक बंद, परवान्याचं स्वरूप. २०१४ च्या शेवटी जाहीर झालं आणि मोठ्या मासिकांनी डोक्यावर घेतलं, क्रांती वगैरे म्हणाले. त्या फायलीत काय टाकलंय, काय गाळलंय, परवाना कुणी कुणाला द्यायचा, हे प्रश्न खोलात जाऊन विचारले ते स्वतंत्र ब्लॉगवाल्यांनी आणि हौशी अभियंत्यांनी. २०२३ मध्ये कंपनी प्रशासकांच्या हाती गेली, नंतर टायडल या संगीत-सेवेनंही ते सोडून फ्लॅक हे खुलं स्वरूप धरलं. नवं तंत्रज्ञान आलं की मासिक आधी पाहुणचार करतं, उलटतपासणी नंतर.

ओहम:
इथे मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आवाज आवडणं आणि एका बंद स्वरूपाची भलामण करणं यातला फरक त्यांनी पाळायला हवा होता.

स्वरदा_क:
माझीही याला सहमती. पण म्हणून ऐकण्याचं वर्णन टाकाऊ होत नाही. एका परीक्षकाचं पाच-सहा वर्षांचं लिखाण वाचलं की त्याचा कान ओळखीचा होतो. त्याला पितळी वाद्यं आवडतात, तर त्याचा 'चमकदार' माझ्यासाठी तीव्र. स्टिरिओफाइलच्या आर्ट डडली यांचं लिखाण मी असंच वाचायचे. ते २०२० मध्ये गेले. जुनी गाणी, जुने टर्नटेबल, लय. त्यांना काय भावतं ते पक्कं माहीत होतं, त्यामुळे त्यांच्याशी मतभेद असतानाही माझा निर्णय व्हायचा.

बैठकप्रेमी:
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण आता ठरवायची वेळ आली आहे.

स्पीकरसाठी स्टिरिओफाइल आणि साउंडस्टेजचे आलेख एकत्र पाहणार, बासचं वर्णन एक पायरी उतरवून. अँपसाठी हाय-फाय चॉइसची गटचाचणी, म्हणजे कमजोरी लिहिलेली सापडेल. अॅब्सोल्यूट साउंड मी बंद करणार होतो, ते स्वरदाताईंमुळे ठेवतो, पण खरेदीसाठी नाही, कान तयार करायला. तारे पाहून काहीही घेणार नाही. आणि मुंबईला जाताना पेनड्राइव्हवर नुसत्या तानपुऱ्याची दहा मिनिटं आणि विलंबित ख्याल नेणार.

एक अडचण उरलीय. यादीतल्या एका जोडीवर कंपनी ९० डेसिबल संवेदनशीलता (ठरावीक विजेला किती मोठा आवाज) सांगते, मासिकाच्या मोजणीत ८७ आलेत. इम्पिडन्स नाममात्र ८ ओहम, पण आलेख १०० हर्ट्झजवळ साडेतीनपर्यंत खाली जातो. ४० वॅटचा अँप पुरेल का?

ओहम:
तीन डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट. ९० धरून ४० पुरले असते तर ८७ ला ८० लागतील. त्याहून महत्त्वाचं, साडेतीन ओहमच्या जागी फेज अँगल (व्होल्टेज आणि करंट यांच्यातलं मागे-पुढे) किती आहे तो पाहा. तिथेच उणे ४० अंशांच्या आसपास असेल तर अँपला तो भार दीड ओहमच्या आसपास वाटतो. हाय-फाय न्यूजच्या लॅब रिपोर्टमध्ये हा आकडा ईपीडीआर नावानं सरळ छापतात, त्यांनी ही जोडी तपासली असेल तर तिथे बघा. खोली केवढी आणि ऐकता किती मोठ्यानं?

बैठकप्रेमी:
बारा बाय अठरा. रात्री हळू, रविवारी सकाळी मोठ्यानं. फेज उणे ३८ दिसतोय.

ओहम:
मग ४० वॅटचा सोडा. चार ओहमला जवळपास दुप्पट वॅट देणारा, ८० च्या पुढचा बघा. आणि गटचाचणीत तो दोन ओहमला किती टिकला ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

लॅमिंग्टन:
नाशकातून निघाल की कळवा. ग्रँट रोडला उतरा, मी येतो बरोबर. तानपुरा लावताना दुकानदाराला आवाज वाढवू देऊ नका, दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करूनच ऐका. जो जरा मोठा वाजतो तोच नेहमी छान वाटतो.